शनिवारचे तीन तुकडे

माझा डबा रिकामा होता, आणि तो रिकामा करणारा माणूस माझ्यासमोर उभा राहून बोटं चाटत होता. आमची ओळख झाली ती अशी.

सोमवार होता, दुपारचे सव्वाबारा. आमच्या प्रकाशनाच्या तिसऱ्या मजल्यावर एक चिमुकली पँट्री आहे. एक फ्रिज, एक विजेची शेगडी, दोन स्टुलं आणि एक खिडकी. मजल्यावरचा चहा सांभाळणाऱ्या मावशी दर सोमवारी अकरा वाजता फ्रिज साफ करतात, आणि त्यांचा हात सढळ. जुनं दिसलं की थेट कचऱ्यात! म्हणून मी माझ्या पिझ्झाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवते. आणि तरीही...

"हा डबा माझा आहे," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

तो दचकला. उंच, जरासा पुढे झुकलेला, खिशात लाल पेन्सिल. "तुमचा? पण मला खाली सांगितलं, शुक्रवारच्या पार्टीतलं फ्रिजमध्ये उरलंय, संपवा म्हणून..."

"ते खालच्या फ्रिजमध्ये! आणि यावर चिठ्ठी आहे ना धडधडीत?"

"हो, वाचली ना." त्याने डब्याचं झाकण उचललं आणि शाळेत धडा वाचावा तशी चिठ्ठी मोठ्याने वाचली. "'मावशी, टाकू नका. खायचा आहे.' — म्हणून खाल्ला."

"अहो, म्हणजे मला खायचा आहे!"

"तसं कुठे लिहिलंय?" तो अगदी मनापासून विचारत होता, हेच जास्त चीड आणणारं होतं. "टाकायचं कुणी नाही, ते कळतंय. खायचा कुणी, ते... वाक्यात कर्ताच नाहीये."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तीन तुकडे गिळंकृत करून वर मला व्याकरण शिकवतोय! पण पुढच्याच क्षणी आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं असावं. त्याने जीभ चावली. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "माफ करा," तो म्हणाला, "सवय आहे. मुद्रितं तपासतो मी. कालपासून... म्हणजे काल रविवार. आजपासूनच."

"आणि कसा होता?" का कोण जाणे, मी विचारलं.

"फार छान. फक्त थोडा गार होता."

"गारच खाल्लात? शेगडी दोन हातांवर असताना?" पिझ्झा गेल्यापेक्षा गार गेला याचं मला जास्त वाईट वाटलं. "आता मात्र कमाल झाली तुमची!"

आठवड्याभरात सगळं ऑफिस त्याला 'वेलांटी' म्हणायला लागलं. पहिल्याच दिवशी त्याने एका पुस्तकाचं छापायला निघालेलं मुखपृष्ठ एका वेलांटीसाठी थांबवलं होतं. ते मुखपृष्ठ माझं होतं. मी पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढते — पानांचे प्रकार, पोटातले अवयव, बेरजेच्या गणितातली बदकं — आणि त्या बदकांच्या वरचं शीर्षक चुकीचं पडलं होतं. म्हणजे त्याने माझी लाज राखली, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही.

पुढच्या सोमवारी मी पँट्रीत गेले तर हा आधीच हजर. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"हे काय?"

"तवा. माझ्या खोलीवरचा. प्रायश्चित्त म्हणून आणलाय." त्याने कागद सोडला. चांगला जाड, लोखंडी, काळाकुळकुळीत तवा होता. "मावशी सांगत होत्या, तुम्ही पातेल्याच्या झाकणावर गरम करता म्हणून."

खरंच करत होते. मायक्रोवेव्हमध्ये शिळा पिझ्झा चपलेच्या पट्ट्यासारखा चिवट होतो, म्हणून मी कालथा, झाकण, सुती फडकं, असले नाना उद्योग करून बघत असे. तवा पाहून माझा सगळा राग गळून पडला. इतक्या लवकर गळून पडला म्हणून मला माझाच राग आला.

"इकडे या," मी म्हटलं. "एकदाच दाखवीन. आच मंद. तुकडा असा कोरड्या तव्यावर ठेवायचा, तेल नाही, तूप नाही. खालून कुरकुरीत व्हायला लागला की... ऐका, आवाज येतो. आता कडेला पाण्याचे दोन थेंब. दोनच! आणि झाकण. वरचं चीज वाफेवर वितळतं."

तो वाकून ऐकत होता. तव्याची चुरचुर, मग पाण्याचा फस्सकन आवाज. त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून चार बोटं लांब होता. खिडकीच्या काचेवर वाफ धरली.

"किती वेळ?"

"वास सांगतो."

"वास बोलतो का तुमच्याशी?"

"माणसं कुठे बोलतात धड! व्याकरण काढतात."

तो हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत येतं आणि तोंडापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. मी झाकण काढलं, दोन तुकडे मी घेतले, एक त्याला दिला. पहिला घास घेतल्यावर त्याने नुसते डोळे मिटून घेतले. आणि मी, चौतिसाव्या वर्षी, बदकं रंगवणारी शहाणी बाई, एका माणसाच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत उभी राहिले.

मग आमचे सोमवार सुरू झाले.

एका सोमवारी आम्ही नुसत्या कडा लोणी-लसणात परतून टोमॅटोच्या सूपमध्ये बुडवल्या. एकदा तुकड्यांचे चौकोन करून वर अंडं फेटून ओतलं आणि असलं भन्नाट ऑम्लेट झालं की मावशींनी स्टूल ओढून बैठक मारली. एकदा त्याने दोन तुकडे तोंडाला तोंड लावून वरून शब्दकोशाचं वजन ठेवलं. कोशाच्या पुठ्ठ्यावर तेलाचा डाग पडला आणि तो दिवसभर हळहळत बसला. कागदावरचा डाग त्याला जखमेसारखा लागतो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सगळं ऑफिस मला ताई म्हणतं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले हिशेबनीसही ताई म्हणतात. हा पठ्ठ्या एकदाही म्हणाला नाही. "अहो" म्हणायचा, "ऐकता का" म्हणायचा, एकदा तर नुसताच खाकरला, पण ताई? नाव नको!

"तुम्ही मला ताई का म्हणत नाही हो?" मी एकदा विचारलंच.

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "नाही जमत."

"का? सोपा शब्द आहे. दोनच अक्षरं."

"अक्षरांचा प्रश्न नाहीये..." एवढंच म्हणाला आणि तव्यावरचं झाकण उगाचच उचलून पुन्हा ठेवलं.

त्या दुपारी मी एका बदकाला तीन पाय काढले.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. लग्न, संसार हा विषय मी दोन वर्षांपूर्वी गुंडाळून माळ्यावर टाकला होता. तेव्हा आई गेली. त्याआधी नऊ वर्षं मी दुसऱ्या शहरात नोकरी करत होते, शनिवारीही काम असायचं, घरी येणं सणासुदीपुरतं. आई गेली आणि मी बोचकं आवरून बाबांकडे आले. एकुलती एक मुलगी, दुसरं कोण येणार? येऊन बघते तर घर जागच्या जागी. फक्त आई नव्हती.

पिझ्झा आईचाच. बाबा निवृत्त झाल्यावर तिने तो वाचनालयातल्या एका मासिकातून उतरवून घेतला आणि दर शनिवारी करायला लागली. फोनवर सांगायची, "आज पुन्हा केला गं. मस्त फुगला होता." मी म्हणायचे, "हो का? बरं." कृतीचा कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. तिच्या अक्षरात: मैदा साडेतीन वाट्या, कोमट पाणी, चिमूटभर साखर. मी त्याच मापाने दर शनिवारी करत आले. आठ तुकडे होतात. बाबा तीन खातात, मी दोन. तीन उरतात.

ते तीन आईचे, असं मी धरून चालले होते. तिघांचं माप, तिसरं माणूस नाही, म्हणून तीन उरतात. माप कमी करायला हात धजायचा नाही. आणि उरलेलं टाकणं तर... छे! म्हणून मी ते डब्यात घालून सोमवारी घेऊन यायचे. हे मी त्याला एका सोमवारी सांगितलं. बोलता बोलता तोंडून गेलं.

त्याने हातातलं झाकण खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आणि पहिल्या दिवशी मी तिन्ही खाल्ले."

"हो."

"गार."

"हो ना!" मी म्हणाले आणि हसायला गेले, तर डोळेच भरून आले. त्याने रुमाल दिला नाही, पाणी दिलं नाही, समजूत काढली नाही. फक्त शेगडी बंद केली आणि मी सावरेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभा राहिला. त्या दिवशी मला कळलं, आपलं काही खरं नाही.

घरी बाबांच्या नजरेतून काही सुटत नाही. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. काय पुढे पळतंय, काय मागे पडतंय, ते त्यांना लगेच दिसतं.

"हल्ली रविवारी रात्री डबा फार निगुतीने भरतेस," ते म्हणाले.

"नेहमीसारखाच भरते."

"नेहमी त्यात ऑलिव्हची वेगळी वाटी नसते. कोण आहे?"

"कुणी नाही हो बाबा. एक... वेलांटी आहे."

"बरं. तर त्या वेलांटीला शनिवारी घरी आण. किती दिवस तव्यावरचा खाणार बिचारा? एकदा ओव्हनमधून निघालेला खाऊ दे."

तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात ढोबळ्या मिरच्यांची पिशवी. फुलांऐवजी मिरच्या. बाबांना तिथेच पसंत पडला. त्यांना काका म्हणाला, त्यांनी दाखवलेलं प्रत्येक घड्याळ कानाला लावून ऐकलं. मी पीठ थापलं, त्याने कांदा चिरला, रडला. ओव्हनची घंटी झाली, घरभर भाजलेल्या लसणाचा वास पसरला. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. चीजची तार त्याच्या हनुवटीला लोंबत होती आणि बाबा इतके हसले, इतके हसले... दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "घे रे, अजून घे, लाजतोस काय!" असं म्हणत त्यांनी त्याच्या ताटात तिसरा तुकडा घातला.

जेवण आटोपलं. मी ताटं घेऊन आत गेले. ओव्हनची थाळी समोर पडली होती. रिकामी.

दोन वर्षांत पहिल्यांदाच आईचं काही उरलं नव्हतं. कपाट उघडलं, झाकणीसाठी की नुसताच आधार म्हणून, आठवत नाही. आणि दारावरचा कागद दिसला.

त्यावर लाल पेन्सिल फिरली होती.

'यिस्ट'वर काट मारून समासात नीट 'यीस्ट' लिहिलं होतं, दीर्घ वेलांटी देऊन. आणि वर, जिथे आईने 'पिझ्झा, दोघांचा' असं लिहिलं होतं, तिथे 'दोघांचा'भोवती गोल. पुढे प्रश्नचिन्ह.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर येऊन मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. "तुला कुणी सांगितलं हात लावायला? माझ्या आईचं अक्षर आहे ते! ती आता पुन्हा लिहिणार आहे का? सगळीकडे चुका काढत सुटतोस, सगळीकडे! तुझ्या छापखान्यातलं मुद्रित आहे का ते?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. "मी... ओव्हनपाशी उभा होतो... घंटीची वाट बघत... कपाटाचं दार उघडं होतं... हातात पेन्सिल होती... मला कळलंच नाही..." मला ठाऊक होतं की हे खरं आहे. त्याचा हात तसाच चालतो. औषधाच्या बाटलीवरही चुका काढतो तो. पण मला तेव्हा खरं नको होतं.

"जा तू," मी म्हणाले.

तो गेला. मिरच्यांची उरलेली पिशवी ओट्यावर तशीच राहिली.

नंतरच्या सोमवारी मी डबा नेला नाही. तोही पँट्रीत आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. जिन्यात दिसला की बाजूला होऊन मला वाट द्यायचा, मान खाली. माझ्या टेबलावर त्याची दोन ओळींची चिठ्ठी होती: 'माझ्याकडून फार मोठी चूक झाली. क्षमा मागण्याचाही मला अधिकार वाटत नाही.' मी ती दहा वेळा वाचली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण बोलले नाही. मी आईची बाजू घेऊन भांडतेय, अशी माझी समजूत होती.

तिसऱ्या गुरुवारी मावशींनी चहाचा कप माझ्यापुढे जरा आपटूनच ठेवला. "दादा चालले."

"कुठे?"

"नदीपलीकडच्या इमारतीत. कोशाच्या खात्यात. सोमवारपासून. स्वतः मागून घेतलंय म्हणे. आणि तुम्ही बसा बदकं काढत."

जिन्यात दिसायचा बंद होईल एवढंच, जग काही बुडणार नव्हतं. पण ब्रश हातात धरवेना. तो आपल्या आयुष्यातून चाललाय आणि त्याला आपणच हाकललंय, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

शनिवारी संध्याकाळी मी कपाटाचं दार उघडून, खोडरबर घेऊन तो लाल गोल पुसायला बसले. रबर फिरवला तशी आईची शाईही फिसकटायला लागली.

"थांब, थांब! काय करतेस?" बाबा मागे उभे होते. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि कागदाशी वाकले. 'दोघांचा'भोवतीचा गोल, पुढचं प्रश्नचिन्ह. बराच वेळ बघितलं. मग चक्क हसले.

"बरोबर विचारलंय त्याने."

"काय बरोबर?"

"अगं, दोघांना साडेतीन वाट्या मैदा लागतो का? मीही विचारलं होतं तिला, अगदी पहिल्या शनिवारी. अगं बाई, आपण दोघं, आठ तुकडे कोण खाणार?"

"दोघांचा नाही, तिघांचा आहे तो. तुम्ही, आई आणि..." मी थांबले. मी तेव्हा नव्हतेच. शनिवारी तर कधीच नव्हते. दोन वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेला शब्द मी एकदाही वाचला नव्हता. आईचं अक्षर मी नुसतं बघत होते.

"मी तीन खायचो," बाबा म्हणाले, "ती दोन. आणि तीन झाकून ठेवायची. म्हणायची, शनिवारची शेवटची बस आठला येते, कार्टी कधी न सांगता टपकली तर? आल्या आल्या भूक भूक करते. साडेआठपर्यंत वाट बघायची. मग झाकण लावून फ्रिजमध्ये. रविवारी दुपारी आम्ही ते गरम करून खायचो आणि तुझ्या नावाने बोटं मोडायचो." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तुला वाटलं, ते तिचे उरतात? वेडे. तिचे दोन तर तू खातेस. उरतात ते तुझे."

मी तिथेच फरशीवर बसले. नऊ वर्षं. "आज पुन्हा केला गं," असं ती फोनवर सांगायची ते यासाठी. एकदाही 'ये' म्हणाली नाही. आणि मी म्हणायचे, हो का, बरं. मी खूप रडले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या हाताला अजूनही घड्याळाच्या तेलाचा वास येतो.

"त्याने विचारलं नसतं," जरा वेळाने ते म्हणाले, "तर हे माझ्याबरोबरच गेलं असतं. मला वाटायचं, तुला माहीतच आहे."

रविवारी सकाळी मी मावशींना फोन करून त्याचा पत्ता घेतला. बाबा "पाय मोकळे करायला" म्हणून टोपी घालून बरोबर निघाले. तो सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एका खोलीत राहायचा. लोखंडी जिना होता, बाहेरून. बाबा म्हणाले, "तू जा वर. मी इथे जरा सायकली बघतो." त्यांना सायकलींमधलं ओ की ठो कळत नाही.

दार उघडंच होतं. तो पुस्तकं खोक्यात भरत होता. मला बघून हातातली दोन पडली.

"तुम्ही?"

"मी ओरडले त्याबद्दल आले," मी म्हणाले. धाप लागली होती. "म्हणजे ओरडले त्यात काही चूक नव्हती. कुणाच्या आईच्या अक्षरावर असं गिरबटत नाहीत."

"नाही. कधीच नाही."

"पण तो प्रश्न..." आणि मी त्याला सगळं सांगितलं. आठची बस. झाकलेले तीन तुकडे. साडेआठपर्यंतची वाट. तो खोक्याच्या कडेवर बसून ऐकत होता, आणि मी संपवलं तेव्हा त्याचेही डोळे ओले होते.

"म्हणजे मी तुमच्या वाटणीचे खाल्ले," तो म्हणाला. "दोनदा. पहिल्या दिवशी, आणि तुमच्या घरी."

"तू खाल्लेले मला चालतात."

तो एकदम मान वर करून बघायला लागला. "त्या दिवशीही तुम्ही मला तू म्हणालात."

"रागात म्हणाले."

"हो. मला इतकं वाईट वाटत होतं, आणि तरी... जिना उतरताना मी तेच आठवत होतो. आता रागावला आहात का?"

"नाही."

बाहेर दुकानात कुणीतरी चाक फिरवून बघत होतं, त्याची टरटर वर येत होती. तो उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. या वेळी चार बोटंही अंतर नव्हतं. त्याच्या बोटांना पुस्तकांची धूळ लागली होती आणि ती माझ्या मनगटापाशी येऊन थांबली... पुढे यावं की नाही, अशी.

"कोशाच्या खात्यात जाऊ नकोस," मी म्हणाले.

"जाणार आहे."

मी हात मागे घेतला.

"ऐक ना," तो घाईघाईने म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीवर आला होता, आणि बोलता बोलता त्याच्या ते लक्षातही आलं नाही. "मागून घेतलं ते पळून जायला, हे खरं आहे. पण ते काम मला आवडलंय. दिवसभर एकेका शब्दापाशी बसायचं. आणि पूल ओलांडायला बारा मिनिटं लागतात, मी चालून बघितलंय. चारदा. जेवायच्या सुट्टीत मी येईन. सोमवारीच नाही, रोज. तुला चालणार असेल तर."

"चालून बघितलंस? चारदा? मी तुझ्याशी बोलत नसताना?"

"वेळ मोजत होतो. उगाच... आशेवर."

या माणसाशी मला भांडायचं होतं, हसायचं होतं, त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडायचं होतं, आणि हे सगळं मला म्हातारी होईपर्यंत करायचं होतं. हे इतकं स्वच्छ कळलं की मला भीतीच वाटेनाशी झाली.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "फार. मी घाबरत होते, कुणी आत आलं तर आई आणखी लांब जाईल म्हणून. तसं नाहीये. माझ्याशी लग्न करशील?"

तो खोक्यावर धप्पकन बसला. खोकं फाटलं. पुस्तकं चहूकडे घरंगळली, आणि तो त्यांच्या मधोमध जमिनीवर बसून माझ्याकडे बघत राहिला.

"करीन," तो म्हणाला. "करीन. आत्ता म्हणालीस तर आत्ता!"

मग आम्ही दोघंही हसत सुटलो, आणि मी त्याला हात देऊन उठवायला गेले ती त्याच्याच बाजूला जाऊन बसले. किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. धुळीने माखलेला त्याचा हात माझ्या हातात होता आणि दोघांनाही तो सोडवत नव्हता.

"तुझ्या घरी विचारायला हवं ना?" त्याला एकदम आठवलं. "रीतसर. मी शर्ट बदलतो. कधी येऊ?"

"कशाला यायला हवं? खाली उभे आहेत."

"कोण?"

तेवढ्यात खालून आवाज आला. "झालं का गं बोलून? या भल्या माणसाने मला तीन सायकली दाखवल्या, आता चौथी विकत घ्यावी लागेल! आणि ऊन किती लागतंय!"

तो ताडकन उठला, केसांतून हात फिरवला, त्यामुळे धूळ केसांत गेली, आणि कठड्यापाशी जाऊन वाकला. "काका, वर या ना!"

"काका काय?" मी आतूनच म्हटलं.

तो वळला. मला वाटलं, आता हसेल. पण तो हसला नाही. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले, हे त्याने मला एका सोमवारी सांगितलं होतं, दुसरंच काही बोलता बोलता, एका ओळीत. आता त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला. तो शब्द तोंडात फिरवून बघत असावा. मग खाकरला, आणि म्हणाला, "बाबा... वर या."

खाली चाकाची टरटर थांबली. मी कठड्याशी गेले. बाबांनी टोपी काढली, हातात धरली, पुन्हा डोक्यावर घातली.

"आलो रे," ते म्हणाले, आणि जिना चढायला लागले.